शाल, श्रीफळ आणि दर्पण

६ जानेवारी १८३२ या दिवशी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपास होते. आजच्या हिशेबाने महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याचे ते वय. त्यांचे पोंभुर्ले हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. पण १९८१ साली जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होते. मराठी पत्रसृष्टीच्या जन्माचा मान असा या लाल मातीकडे जातो. म्हणूनच ६ जानेवारीला महाराष्ट्रभर पत्रकार दिन साजरा होऊ लागला की कोकणातील समारंभांना थोडी अधिक झळाळी येते. ज्येष्ठ पत्रकारांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार घातला जातो.

अलीकडच्या काही वर्षांत या सत्कारमूर्तींच्या रांगेत एक नवा चेहरा दिसू लागला आहे. तो आहे महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा. कोणी व्यसनमुक्तीवर लघुपट केलेला असतो, कोणी रक्तदानाच्या आवाहनासाठी भ्रमणध्वनीवर चित्रफीत तयार केलेली असते, कोणी गावातल्या नमन-खेळ्यांचे आणि जाखडीचे ध्वनिमुद्रण करून ठेवलेले असते, तर कोणी शासकीय योजनेचे किचकट परिपत्रक सोप्या मराठीत सांगून ते वाडीवाडीपर्यंत पोहोचवलेले असते. पत्रकार दिनाला, राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्धापन दिनाला किंवा वार्षिक स्नेहसंमेलनात या मुलांना व्यासपीठावर बोलावून गौरवले जाते. तरुणाईचा सारा वेळ भ्रमणध्वनीच्या पडद्यात वाया जातो, अशी तक्रार घरोघरी ऐकू येत असताना तोच पडदा समाजाच्या उपयोगी लावणारी मुले आपल्यात आहेत, ही निश्चितच आनंदाची बाब आहे. त्यांच्या पाठीवर थाप पडलीच पाहिजे.

मात्र टाळ्यांचा गजर ओसरल्यावर एका प्रश्नाचा विचार व्हावयास हवा. हा सत्कार नेमका कशाचा असतो? हातातल्या कौशल्याचा, की त्या कौशल्याने घडलेल्या सेवेचा? या दोहोंतील अंतर वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु या मुलांचे पुढे काय होणार आणि त्यांच्या गावाला काय मिळणार, हे त्या अंतरावरच ठरणार आहे.

विद्यार्थी आणि समाजसेवा यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. त्या वेळी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत सहभागी होते. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, अशी तिची रचना. ‘मी नव्हे, तुम्ही’ हा तिचा आशय. या योजनेतून विद्यार्थ्यांनी रस्ते बांधले, बंधारे घातले, झाडे लावली. त्या काळी सेवेचे साधन होते कुदळ आणि घमेले. ते हातात घेतलेल्या माणसाला आपली प्रतिमा न्याहाळण्याची सोय नव्हती. आज साधन बदलले आहे. भ्रमणध्वनीला दोन्ही बाजूंनी डोळे असतात. एक समोरच्या जगाकडे पाहतो आणि दुसरा हाती धरणाऱ्याच्याच चेहऱ्याकडे. कोणता डोळा उघडा ठेवायचा, ही या पिढीची खरी परीक्षा आहे.

त्यात आता आणखी एक भर पडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची जी नवी चौकट आली, तीत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. शिक्षण चार भिंतींबाहेर जावे, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु सेवेला श्रेयांक मिळतो, वर सन्मानचिन्हही मिळते, तेव्हा सेवेचे रूपांतर एका उरकून टाकावयाच्या कामात होण्याचा धोका निर्माण होतो. गावात जायचे, अर्ध्या दिवसात चित्रीकरण करायचे, संगीत चढवून चित्रफीत महाविद्यालयात सादर करायची आणि गावाकडे पुन्हा फिरकायचेही नाही, असे घडू लागले तर गावकऱ्यांच्या वाट्याला काय आले? त्यांनी चहा पाजला, आपली दुःखे सांगितली आणि ती दुःखे कोणाच्या तरी गुणपत्रिकेत जमा झाली!

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याला हे परवडणारे नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार ६९ भरली. त्यापूर्वीच्या, २००१ च्या जनगणनेत ती सुमारे १६ लाख ९७ हजार होती. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथील माणसे कमी झाली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हे प्रमाण राज्यात सर्वाधिक ठरले. त्यात आनंद मानावा असे फारसे काही नव्हते, कारण कमावता पुरुष मुंबईच्या वाटेला लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. एके काळी गिरण्यांसाठी कोकणाने आपली मनगटे मुंबईला दिली. आज शिकलेली बुद्धी त्याच वाटेने जाते आहे. माध्यमांचे शिक्षण घेतलेला मुलगा मुंबईतील वाहिनीच्या किंवा जाहिरात संस्थेच्या कचेरीत स्थिरावतो. पोटासाठी केलेल्या स्थलांतराला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्याचा परिणाम असा की, ज्या वाड्यांमध्ये म्हातारी माणसे आणि बंद घरे तेवढी उरली, त्यांचे म्हणणे मांडणारा आवाजही त्यांच्यापासून दूर गेला.

आवाज नसण्याची किंमत किती जबर असते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. झोपेत असलेली घरे पाण्याने ओढून नेली आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. धरणाला गळती लागल्याची तक्रार आपण आधीच केली होती, असे ग्रामस्थांनी त्यानंतर सांगितले. राज्याच्या एका मंत्र्यांनी मात्र या फुटीचा दोष खेकड्यांच्या माथी मारला. शब्दांचे खेळ काही दिवस चालले. गेलेली माणसे परत आली नाहीत. ज्या गावाला धोका दिसत होता, त्याच्यापाशी तो जगाला दाखवण्याचे साधन नव्हते आणि ज्यांच्यापाशी साधन होते, ते गावापासून दूर होते. त्या गळतीची तारीखवार छायाचित्रे कोणी घेतली असती, तक्रार-अर्जांच्या प्रती जोडून एखादी साधी, अनलंकृत चित्रफीत कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचवली असती आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा केला असता, तर काय झाले असते, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण तसा प्रयत्न करण्याइतके कौशल्य आज जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयात बसणाऱ्या मुलाच्या हाती आहे, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

दोनच वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या पाण्याने चिपळूण शहराला वेढले. बाजारपेठ बुडाली, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. मुंबई-पुण्यातील चिपळूणकर आपल्या आईवडिलांचा ठावठिकाणा शोधत होते आणि संपर्क जेथे जेथे शिल्लक होता, तेथे खऱ्या माहितीबरोबर अफवाही वाहत होत्या. अशा वेळी कोणत्या आळीत पाणी किती आहे, कोणाला औषध हवे आहे, होडी कोठवर पोहोचली आहे, ही पडताळलेली माहिती अन्नाच्या पाकिटाइतकीच मोलाची असते. संकटकाळी खात्री करून बोलणारा एक तरुण आणि आलेला संदेश न वाचता पुढे ढकलणारे शंभर तरुण यांतला फरक त्या दिवसांत कळून आला. पूर ओसरल्यानंतर नदीतील गाळ काढावा यासाठी चिपळूणकर नागरिकांना उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कोठे यंत्रे नदीत उतरली. आपत्तीची बातमी चार दिवसांत शिळी होते, प्रश्न मात्र शिल्लक राहतो. ज्याला समाजासाठी माध्यम वापरावयाचे आहे, त्याचे काम बातमी शिळी झाल्यावर सुरू होते.

हे असे काम होऊ शकते, याची उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील सड्यांवर आदिम मानवाने कोरलेली कातळशिल्पे शतकानुशतके पडून होती. गुराख्यांना ती ठाऊक होती, अभ्यासकांना नव्हती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी सडे पायाखाली घातले, गावकऱ्यांना विचारत विचारत एकेक चित्र शोधले, त्याची नोंद केली, छायाचित्रे घेतली आणि वृत्तपत्रांतून, व्याख्यानांतून हा ठेवा जगापुढे मांडला. कशेळीचा प्रचंड हत्ती, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू ही नावे त्यामुळे जगाच्या नकाशावर आली आणि २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. या प्रवासात कॅमेरा होता, लेखणी होती, पण सर्वांत आधी पायपीट होती.

मंडणगड तालुक्यातील वेळास गावाची कथाही अशीच बोलकी आहे. समुद्री कासवांची अंडी चोरीला जात असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचे काम उभे केले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पिल्ले समुद्राकडे धावतानाची छायाचित्रे घराघरांत पोहोचली, पर्यटक येऊ लागले आणि गावातील घरांना पाहुण्यांच्या निवासातून चार पैसे मिळू लागले. येथे प्रसिद्धीने काम मोठे केले, कारण प्रसिद्धीच्या आधी काम होते. क्रम उलटला असता, तर एका हंगामाची गर्दी तेवढी झाली असती आणि कासवे पुन्हा वाऱ्यावर सोडली गेली असती.

असे प्रयत्न सातासमुद्रापलीकडेही झाले आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागात १९६६ साली शाळेच्या मुलांनी ‘फॉक्सफायर’ नावाचे नियतकालिक सुरू केले. आपल्याच आजी-आजोबांना बोलते करावे, त्यांची कारागिरी, औषधी, शेती, चालीरीती लिहून ठेवाव्यात, एवढाच त्यांचा उद्योग. त्या लेखांची पुस्तके झाली आणि ती देशभर वाचली गेली. एरवी जगाने मागासलेले म्हणून हिणवलेल्या डोंगरी माणसांना त्यातून प्रतिष्ठा लाभली. कोकणातील शिमग्याच्या पालखीचे मानपान, खेळ्यांची गाणी, खलाशांचे वाऱ्याचे ज्ञान, भाताच्या जुन्या जातींची नावे ही सारी संपत्ती आज ऐंशीच्या घरातील माणसांच्या मुखी आहे. प्रत्येक पावसाळ्यानंतर त्यातले काही कायमचे नाहीसे होत असते. ती टिपून ठेवण्यासाठी परदेशी तज्ज्ञांची वाट पाहण्याची गरज नाही. आजीजवळ बसण्याची सवड आणि तिचे बोलणे मध्येच न तोडण्याचा संयम, एवढे भांडवल पुरेसे आहे.

रत्नागिरीच्या मातीने शब्दाचे सामर्थ्य ओळखले त्याला आता दोन शतके होत आली. येथील नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते. याच गावातील टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी गोपाळ गणेश आगरकर आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू केला, तेव्हा टिळक-आगरकर दोघेही अवघ्या चोवीस वर्षांचे होते. सरकारी नोकरीची दारे उघडी असताना डेक्कन महाविद्यालयातील या दोन मित्रांनी शिक्षण आणि लोकजागृती यांना वाहून घेतले. दीड वर्षातच कोल्हापूर प्रकरणी दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सुटकेनंतर लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. सत्कार झाला, पण तो तुरुंगाच्या दारात झाला. बाळशास्त्रींनाही श्रीपत शेषाद्री या मुलाला स्वधर्मात आणि ज्ञातीत परत घेण्यासाठी पुढाकार घेतल्याबद्दल स्वकीयांचाच रोष पत्करावा लागला होता.

१९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जाण्यास आणि राजकारणात भाग घेण्यास मनाई. उरलेल्या साधनांनी त्यांनी समाजकारण केले. स्थानिक ‘बलवंत’ साप्ताहिकातील लेख, व्याख्याने, ‘उःशाप’सारखे संगीत नाटक, सहभोजने ही त्यांची माध्यमे होती. अस्पृश्यतेच्या रूढीवर त्यांनी या साऱ्यांतून प्रहार केले आणि १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून पतितपावन मंदिर उभे राहिले. बोलपट, दिग्दर्शक यांसारखे जे शब्द आजचे माध्यमांचे विद्यार्थी सहज वापरतात, तेही त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीची देणगी मानले जातात. त्या काळी स्पृश्यास्पृश्यतेविरुद्ध बोलणे लोकप्रिय नव्हते. आपल्याच माणसांना न आवडणारे सत्य आपल्याच माणसांपुढे मांडणे, हे त्या प्रचाराचे वैशिष्ट्य होते.

ही परंपरा पाहिली की आजच्या सत्कारांकडे थोडे कठोरपणे पाहावेसे वाटते. स्वच्छता, वृक्षारोपण, रक्तदान हे विषय चांगले आहेत आणि आवश्यकही. पण त्यांवर चित्रफीत केल्याने कोणाचाही रोष होत नाही. पाण्याचा टँकर कोणत्या वाडीला चुकवून जातो, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आठवड्यातून किती दिवस असतो, वाळू कोठून उपसली जाते, सड्यावरच्या जमिनी कोणाच्या नावे होतात, गावच्या मंदिरात अजून कोणाला संकोचाने उभे राहावे लागते, हे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाल मिळेल की प्राचार्यांकडे जाणारा दूरध्वनी? ज्या संस्था विद्यार्थ्यांचा सत्कार करतात, त्यांनी स्वतःला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. निरुपद्रवी कामाचाच सत्कार होत राहिला, तर हुशार मुले निरुपद्रवी राहण्याचीच कला शिकतील.

आणखी एक गोष्ट सामाजिक संघटनांनाही सांगावयास हवी, आणि ती स्वकीयांना आधी. चित्रीकरण जाणणारा स्वयंसेवक हाती लागला की त्याला आपल्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीला जुंपण्याचा मोह सर्वांनाच होतो. पाहुण्यांचे आगमन, दीपप्रज्वलन, भाषण, आभार, एवढेच तो टिपत बसतो. व्यासपीठाकडे वळलेला कॅमेरा समोरच्या सतरंजीवर बसलेल्या माणसाकडे वळवला, तर त्या कार्यक्रमाची गरज का पडली, हे निदान कळेल. कार्याची माहिती समाजाला द्यावी, यात गैर काही नाही; पण कार्यापेक्षा माहितीपत्रक जाड होऊ लागले की सावध व्हावे.

विद्यार्थ्यांनीही काही पथ्ये पाळावयास हवीत. मदत घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या संमतीवाचून दाखवू नये. रडणाऱ्या बाईच्या तोंडाशी कॅमेरा नेणे ही सेवा नव्हे. पीडितेची, अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणे कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो. ऐकीव गोष्ट दोन ठिकाणी पडताळल्यावाचून पुढे पाठवू नये आणि चूक झाली तर ती तितक्याच ठळकपणे मान्य करावी. तयार झालेली चित्रफीत सर्वांत आधी त्या वाडीतच दाखवावी. ज्यांची कथा सांगितली, त्यांना ती आपली वाटली, तर परीक्षकांच्या गुणांची चिंता करण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेत देवर्षी नारद हे आद्य वार्ताहर मानले जातात. लोकांनी त्यांना कळलाव्या म्हणून हसण्यावारी नेले, तरी त्यांच्या संचारामागे लोककल्याण होते आणि स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही. आणलेल्या वार्तेने कोणाचे भले होणार, ही कसोटी आजही जुनी झालेली नाही.

मग सत्कार करूच नयेत काय? अवश्य करावेत, पण त्यांची रीत बदलावी. चित्रफीत झाल्याबरोबर शाल पांघरण्याऐवजी एक वर्ष थांबावे. त्या कामामुळे वाडीत काय बदलले, हे ग्रामस्थांना विचारावे. समारंभ सभागृहात न करता त्या गावच्या देवळाच्या सभामंडपात करावा आणि श्रीफळ पुढाऱ्याच्या हस्ते न देता ज्यांची सेवा झाली त्यांच्यापैकी एखाद्या आजीच्या हस्ते द्यावे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या साऱ्या नोंदी, ध्वनिफिती, छायाचित्रे नीट जतन करून ठेवावीत, म्हणजे पुढच्या तुकडीला पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही. येथील सहकारी संस्था, बँका आणि मुंबईकर चाकरमान्यांची मंडळे यांनी ठरवले, तर अशा दोन-चार तरुणांना वर्षभर जिल्ह्यातच राहून काम करता येईल एवढे मानधन उभे करणे अवघड नाही. मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी एक वर्ष आपल्या तालुक्याला देणारा पदवीधर त्या एका वर्षात जे शिकेल, ते त्याला कोणत्याही वाहिनीच्या कचेरीत शिकता येणार नाही.

आईवडिलांनाही या प्रकरणी थोडे धैर्य दाखवावे लागेल. मुलगा व्यासपीठावर शाल घेताना छायाचित्र काढणे सोपे आहे. तोच मुलगा पावसाळ्यात धरणाच्या भिंतीवरील ओल मोजावयास निघाला, तर त्याला ‘नसत्या भानगडीत पडू नकोस’ असे न म्हणणे कठीण आहे. पण ज्या घरांनी ते म्हटले नाही, त्या घरांनीच या मातीला मोठी माणसे दिली.

‘दर्पण’ या नावाची निवड बाळशास्त्रींनी विचारपूर्वक केली होती. आरशाचे काम समोरच्याला त्याचे रूप जसेच्या तसे दाखवणे हे असते. आरसा स्वतःकडे पाहत नाही. रत्नागिरीच्या महाविद्यालयांतून आज जी मुले कॅमेरा घेऊन बाहेर पडत आहेत, त्यांच्या खांद्यावर समाजाने कौतुकाची शाल जरूर घालावी. फक्त त्या शालीने त्यांच्या हातातील आरसा झाकला जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी. तिवऱ्यासारखी एखादी वाडी कोठेतरी या क्षणीही काही सांगू पाहते आहे. तिचे म्हणणे पावसाआधी ऐकले जावे, हाच त्या सत्काराचा खरा अर्थ ठरेल.